बर्फावरचा केर

माणसाला कशाचा नाद लागावा, याला काही धरबंध नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका रेल्वेची जुनी वेळापत्रके जमवतात. माझ्या माहेरच्या एक आत्या लग्नकार्यात वाढलेल्या मठ्ठ्याची प्रतवारी वहीत लिहून ठेवीत असत. या मंडळींना कोणी हसत नाही. पण 'मला बर्फावरचे खेळ बघायला आवडतात' असे मी म्हटले, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो, आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारतो, "बघायला? म्हणजे... कुठं?"

कुठे म्हणजे टीव्हीवर! प्रत्यक्षात मी जन्मात तीनच प्रकारचा बर्फ पाहिला आहे: फ्रीजमधला, गोळेवाल्याच्या रंध्याखालचा आणि मासळीबाजारातल्या खोक्यांतला. चौथ्या एका बर्फाचे पुढे येईलच. वाचकहो, या सदरातून आजवर मी तुम्हांला आमच्या घरातल्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. शेजाऱ्यांनी अबोला धरावा इतक्या सांगितल्या. पण हा नाद मात्र लपवून ठेवला होता. यंदा दिवाळी अंकाला काय द्यावे हे सुचेना, म्हणून कपाटाच्या तळाशी ठेवलेली पैठणी काढावी तसा तो बाहेर काढते.

सुरुवात चाळीत झाली. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली, पण आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. एका संध्याकाळी त्यात एक माणूस दिसला. पायांत दोन लांबलचक पट्ट्या बांधलेला तो माणूस उतारावरून भरधाव आला, उताराच्या टोकावरून सरळ हवेत गेला आणि तिथेच राहिला. खाली येईचना. अंग पुढे झोकलेले, हात मांड्यांना चिकटलेले. तो जमिनीवर टेकायच्या आत टीव्हीच्या मालकीणबाईंनी 'चला, संपलं आता' म्हणून खटका बंद केला. मी आठ वर्षांची होते. तो माणूस उतरला की नाही हे मला पुढे कित्येक वर्षे कळले नव्हते.

पुढे वाहिन्या शेकड्यांनी झाल्या, पण माझ्या खेळांच्या नशिबी काही पालट झाला नाही. अधिक महिनासुद्धा पावणेतीन वर्षांनी येतो; हिवाळी ऑलिंपिक येते चार वर्षांनी. आले तरी कोणत्या वाहिनीवर आणि किती वाजता, याचे पंचांग नसते. आहे असे छापलेल्या वेळेला टीव्ही लावावा तर तिथे सहा वर्षांपूर्वीचा क्रिकेटचा सामना चाललेला असतो, ज्याचा निकाल आमच्या ह्यांना षटकांसह पाठ आहे. आणि चुकून कधी पडद्यावर बर्फ दिसलाच, तर शर्यतीचे शेवटचे वळण आले की जाहिरात लागते.

तरीसुद्धा मी बघत आले. २००२ साली चिरंजीव दोन महिन्यांचे होते आणि रात्री झोपायचे नाही असा त्यांचा नेम होता. त्यांना मांडीवर थोपटत, आवाज बारीक करून, मी सॉल्ट लेक सिटीच्या स्पर्धांची पुनःप्रक्षेपणे पाहिली. तिथे स्टीव्हन ब्रॅडबरी नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत पाच जण होते आणि हा सर्वांत मागे. शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांत अडकून धाडदिशी पडले आणि हा मागून सावकाश येऊन पहिला आला. ऑस्ट्रेलियाला हिवाळी ऑलिंपिकमधले ते पहिले सुवर्णपदक. मी इतक्या जोराने 'अगबाई!' म्हटले की नुकतेच झोपलेले चिरंजीव जागे झाले, ते सकाळपर्यंत.

ल्यूज म्हणून एक प्रकार आहे. छोट्याशा घसरगाडीवर उताणे निजायचे, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या पन्हळीतून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वेगाने खाली जायचे. आपला शिव केशवन यात सहा ऑलिंपिक खेळला. १९९८ साली नागानोला पहिल्यांदा गेला तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. देशात तशी पन्हळ नाही म्हणून गाडीला चाके लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवरून, ट्रकांमधून वाट काढत सराव करायचा. बायथलॉनमध्ये बर्फावरून धापा टाकत यायचे आणि श्वास रोखून बंदुकीने नेम धरायचा. एक गोळी चुकली की बहुतेक शर्यतींत दीडशे मीटरची जादा फेरी. शाळेत माझ्या गणिताच्या बाईंची पद्धत हीच होती. फिगर स्केटिंग सर्वांना आवडते, मला तितकेसे नाही. त्यात नटणे फार.

आणि कर्लिंग. पण कर्लिंगकडे यायचे तर आधी आमच्या अप्पांकडे आले पाहिजे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सरकारी नोकरीत हिशेब तपासनीस होते. चार आण्यांची पावती नसली तर साहेबाच्या टेबलापाशी उभे राहून विचारणारे. २०१७च्या नोव्हेंबरात न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि ऐंशीव्या वर्षी काठी मिळवून देणाऱ्या त्या फरशीवर राग धरून ते खोलीत बसले. त्यातून ते आमच्या चिरंजीवांचे दहावीचे वर्ष. मध्यमवर्गीय घरात दहावीचे वर्ष कसे पाळतात हे मी तुम्हांला सांगायला नको. केबल तोडली. बाहेरची खोली अभ्यासाला दिली. टीव्ही उचलून अप्पांच्या खोलीत नेऊन ठेवला, तो केवळ ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून. चिरंजीवांचा फोन जप्त करून अप्पांच्या स्वाधीन केला, कारण त्यांच्या ताब्यातून वस्तू सुटणे शक्य नव्हते. हे क्रिकेट बघायला शेजारी जाऊ लागले.

आणि नेमके त्याच फेब्रुवारीत कोरियात प्याँगचांगला हिवाळी ऑलिंपिक!

ते फोनवर दिसत होते. मी चिरंजीवांना बाजूला घेऊन हळूच विचारले. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना आई असे काही विचारते आहे, या आनंदात त्यांनी जप्तीतला फोन तारेने टीव्हीला जोडून दिला आणि 'आवाज शून्यावर ठेव हं' अशी मलाच ताकीद दिली. अशा रीतीने मी अप्पांच्या खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर, मटार सोलत बसू लागले.

आता थोडे कडू सांगायला हवे. अप्पांना दोन मुलगे. धाकटे भावजी १९९९ साली कॅनडात गेले, विनिपेगला. २००९च्या जानेवारीत माझ्या सासूबाई अचानक गेल्या. भावजींना कळवले, 'निघतो' म्हणाले. तिकडे बर्फाचे वादळ झाले, विमाने सुटेनात. इथे आम्ही सासूबाईंना बर्फाच्या लाद्यांवर ठेवून वाट पाहिली. लाद्या वितळल्या, दुसऱ्या आणल्या. त्याही वितळू लागल्या, तेव्हा अप्पा म्हणाले, "आता तिसऱ्यांदा मागवू नका." भावजी पोचले ते पाचव्या दिवशी. त्यांनी दारातच वादळाचे सांगायला सुरुवात केली, तशी अप्पा म्हणाले, "बर्फ होय? बर्फ आमच्याही घरात होता." त्यानंतर नऊ वर्षे बापलेकांत शब्द नाही. भावजी दर रविवारी सकाळी फोन करीत, मी घेई. "अप्पा बरे आहेत ना?" "बरे आहेत." एवढे झाले की अप्पा वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरीत. नऊ वर्षे मी त्या घरातले पोस्ट ऑफिस होते.

तर पहिले दोन दिवस अप्पांनी टीव्हीकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी शिव केशवनची शेवटची घसर होती. मी न राहवून सांगितले, "अप्पा, हा आपला आहे." ते वळले. तो चौतिसावा आला.

"चौतिसावा?" अप्पा म्हणाले. "आणि म्हणे सहा वेळा गेला?"

"हो. वीस वर्षं."

"वीस वर्षं," अप्पांनी आकडा तपासून पाहिला. त्यात त्यांना खोट सापडली नसावी, कारण त्यांनी खुर्ची थोडी टीव्हीकडे सरकवली.

त्याच दिवशी, म्हणजे ११ फेब्रुवारीला, पुरुषांची उताराची मोठी शर्यत व्हायची होती. ती पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी बायकांची एक होती, तीही पुढे ढकलली. डोंगरावर वारा इतका होता की पाळण्यातून माणसांना वर नेणे धोक्याचे. टीव्हीवर रिकामा डोंगर आणि फडफडणारी निशाणे दिसत होती. त्यावर बर्फाचा धुरळा उडे आणि डोंगरच दिसेनासा होई.

"म्हणजे खेळत नाहीत?" अप्पांनी विचारले.

"वाऱ्यामुळं बंद ठेवलंय."

"सगळ्या जगाला बोलावून बसलेत आणि बंद ठेवलंय?"

"वाऱ्यापुढं काय करणार, अप्पा?"

मी हे मटारांकडे बघत म्हटले होते. मान वर केली तेव्हा अप्पा अजून त्या डोंगराकडेच पाहत होते. मग त्यांनी मला पाणी मागितले. एवढेच झाले.

कर्लिंग सुरू झाले आणि खोलीचे वळणच बदलले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुमारे पन्नास यार्ड लांबीची बर्फाची पट्टी. तिच्या टोकाला तांबडी-निळी वर्तुळे. त्याला 'घर' म्हणतात, खरोखरच घर म्हणतात. एका बाजूने गुळगुळीत ग्रॅनाइटचा, वर मूठ बसवलेला, पाण्याच्या घागरीसारखा दगड सोडायचा. तो घराच्या मध्यापर्यंत जावा आणि शत्रूचा दगड तिथून हाकलावा. आणि दगड निघाला की दोघीजणी त्याच्यापुढे पळत पळत हातातल्या झाडूंनी बर्फ जिवाच्या आकांताने घासतात! आमच्या कामवाल्या बाईंनी दारातून हे दृश्य पाहिले आणि त्या हातातली बादली खाली ठेवून म्हणाल्या, "वैनी, या बाया मेडलासाठी झाडतात?" मी हो म्हटले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी केर काढला तो जरा रागानेच काढला असे मला वाटले.

आवाज शून्यावर असल्यामुळे समालोचन नाही. नियम आम्हांला आमचेच शोधून काढावे लागले, आणि इथे अप्पा खुलले. कारण अप्पा मूळचे कॅरमचे. गिरगावातल्या चाळीत आणि नंतर कचेरीत त्यांचा स्ट्रायकर प्रसिद्ध होता. दोन्ही मुलांना त्यांनीच शिकवले. त्यातला हात होता धाकट्याला. तो बोर्ड भावजी गेल्यापासून माळ्यावर पडून होता. अप्पांनी दोन सामने पाहिले आणि म्हणाले, "सूनबाई, हे कॅरम आहे. उभ्यानं खेळतात एवढंच."

मग ते मला समजावू लागले. चिरंजीव अभ्यासाला कंटाळून मधूनमधून येत आणि पुस्तकी माहितीची भर घालीत. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्यामुळे तो खडबडीत होतो. दगडाची बूड आतून खोलगट असते; तो त्या थेंबांवर एका कडीएवढ्या भागावरच टेकतो आणि म्हणून सरकतो. "बोरिक पावडर!" अप्पा म्हणाले. झाडूने घासले की बर्फाला किंचित ऊब येते, घर्षण कमी होते, दगड लांब जातो आणि सरळ जातो. ते ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या एका ओसाड बेटावरून येते. एका डावात प्रत्येक पक्षाचे आठ दगड, आणि शेवटचा दगड ज्याच्या हातात त्याचे पारडे जड. ज्याने गुण केला त्याने पुढच्या डावात शेवटचा दगड गमावला. म्हणून एकच गुण मिळत असेल तर शहाणी बाई तो घेतच नाही, मुद्दाम डाव शून्यावर सोडून देते. हे उमगले तेव्हा अप्पांनी मांडीवर थाप मारली. "शिल्लक पुढं ओढतात!" पस्तीस वर्षे ज्या माणसाने लोकांच्या खतावण्या तपासल्या, त्याला त्या थंडगार पट्टीवर एक नातेवाईक भेटला होता.

कोरियाच्या बायका आमच्या लाडक्या. पाचही जणी आडनावाने किम, त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी. चौघी उइसाँग नावाच्या गावच्या. हे गाव लसणासाठी प्रसिद्ध, म्हणून जग त्यांना लसूणवाल्या पोरी म्हणू लागले. परदेशी लोकांना किम किम करून गोंधळ होतो म्हणून त्यांनी न्याहारीच्या पदार्थांवरून टोपणनावे घेतलेली: एक पॅनकेक, एक स्टेक. म्हणजे आमच्याकडे एकीला उपमा म्हणावे आणि दुसरीला थालीपीठ, तसे. कर्णधार किम उन-जंग मोठा गोल चष्मा लावून दगडाकडे अशी बघे की अप्पा म्हणत, "ही आमच्या खात्यात हवी होती."

कॅनडा या खेळातला दादा. त्यांना पहिल्याच सामन्यात लसूणवाल्यांनी ८-६ हरवले. कॅनडाच्या बायका सुरुवातीचे तीनही सामने हरल्या, आणि तिसऱ्यात, १६ फेब्रुवारीला डेन्मार्कशी खेळताना, एक प्रकार घडला. डेन्मार्कच्या एका मुलीचा झाडू चालत्या दगडाला चुकून लागला. असे झाले की दगडाचे काय करायचे ते समोरच्या पक्षाने ठरवायचे: राहू द्यावा, थोडा हलवावा किंवा उचलून टाकावा. कॅनडाच्या कर्णधार रेचल होमन यांनी तो तत्काळ उचलून बाजूला केला. त्यावर पुष्कळ टीका झाली. या खेळात पंचाने पकडायच्या आधी आपली चूक आपणच सांगतात, आणि समोरच्यानेही ती फार ताणू नये अशी रीत आहे. सामना जादा डावात गेला आणि डेन्मार्कने ९-८ असा जिंकला.

मी म्हटले, "नियमातच बसतं की ते."

"बसतं," अप्पा म्हणाले. ते बराच वेळ गप्प राहिले. "नियमात पुष्कळ बसतं, सूनबाई."

मी स्टुलावरून हळूच पाहिले. ते पडद्याकडे बघत नव्हते, दाराच्या वरच्या माळ्याकडे बघत होते. पण म्हाताऱ्या माणसांची नजर कुठेही लागते; तिचा अर्थ लावत बसू नये, म्हणून मी उठून कुकर लावला.

उपांत्य सामना २३ तारखेला होता, जपानशी, आपल्याकडच्या साडेचारच्या सुमाराला. नशिबाने त्या दिवशी क्रिकेट नव्हते, त्यामुळे हे घरी, वर्तमानपत्र वाचत. जपानच्या मुली मध्यंतरात जमिनीवर बसून स्ट्रॉबेऱ्या खात होत्या. अप्पांना ते फार आवडले, त्यांनी शेंगदाण्याचा लाडू मागितला. सामना बरोबरीत आला. जादा डाव. अप्पा म्हणाले, "आवाज जरा वाढव. दोनच्या वर नको." वाढवला, आणि आम्हांला पहिल्यांदा कळले की ती चष्मेवाली इतके दिवस तोंड उघडून काय करते. पुढे पळणाऱ्या मैत्रिणीला ती हाक मारते, "यंग-मीऽऽ! यंग-मीऽऽ!" तिच्या हातात शेवटचा दगड. तो थोडा कमी पडणार असे वाटत होते. दोघी घासतायत, ती ओरडतेय, आणि अप्पा खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले आणि त्यांनीही आरोळी ठोकली, "यंग-मीऽऽ!"

बाहेर ती 'आई गंऽऽ' अशी ऐकू आली. अप्पा पुन्हा पडले, अशा समजुतीने हे वर्तमानपत्रासकट धावत आले, पाठोपाठ चिरंजीव बीजगणितासकट, आणि समोरच्या घरातल्या वहिनी बर्फाची पिशवी घेऊन. आत बघतात तर सासरा-सून एकमेकांचे हात धरून उभे. दगड घरात बसला होता. कोरिया ८-७.

"दहावीचं वर्ष आहे," हे एवढेच म्हणाले. पण म्हणताना धापा टाकत होते.

अंतिम सामना रविवारी, २५ तारखेला, पहाटे साडेपाचला. अप्पा पाचला उठून, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत. समोर स्वीडन. खरे सांगायचे तर स्वीडनच्या मुली फारच अचूक खेळत होत्या आणि आमच्या पोरींचे दगड केसाकेसाने चुकत होते. सहा वाजून गेले, उजाडले, आणि साडेसहा-सातला बाहेर बेल वाजू लागली. समोरच्या वहिनी. "टीव्ही लावा, टीव्ही! श्रीदेवी गेली! दुबईला." त्या सकाळी साऱ्या मुंबईचे टीव्ही लागले आणि साऱ्यांवर एकच बातमी. हे झोपेतून उठून आले, दाराशी उभे राहून म्हणाले, "अगं, बातम्या लाव ना."

"सातवा डाव संपू दे," मी म्हटले.

"अगं, श्रीदेवी..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. रविवार. विनिपेगला शनिवारची संध्याकाळ.

"कोण?" अप्पांनी नजर न काढता विचारले.

"भावजी."

वर्तमानपत्र पायाशी पडले होते. ते त्यांनी उचलले नाही. "त्याला विचार, तिकडं हे खेळतात का."

मी विचारले. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटले, फोन तुटला. मग भावजी म्हणाले, "खेळतात म्हणून सांगा, वहिनी. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक खेळतात. घराजवळच क्लब आहे."

सांगितले. "दगड केवढ्याचा असतो विचार." किंमत की वजन? "वजन." भावजी म्हणाले, एकोणीस-वीस किलो. सांगितले. "मूठ फिरवून सोडतात का सरळ सोडतात?" आणि इथे स्वीडनने घराच्या मध्याशी तीन दगड लावले होते, किम उन-जंगचा शेवटचा दगड निघत होता, आणि मी मध्ये लिलावात बोली पोचवावी तशी या कानाचे त्या कानाला करत होते. माझे डोके फिरले. "मला बघू द्या हो! तुम्हीच विचारा!" म्हणून मी फोन अप्पांच्या हातात कोंबला.

हे मी शहाणपणाने केले असे आमच्या नातेवाइकांत आज समजले जाते. मी ते दुरुस्त करीत नाही. पण तुम्हांला खरे सांगते, मी ते स्वीडनच्या तीन दगडांपायी केले. ते तीनही गुण त्यांना मिळाले.

अप्पांनी फोन उलटा धरला होता. तो सरळ केला. म्हणाले, "हं." मग पुन्हा, "हं." मग, "मुद्दाम खडबडीत करतात ना रे? ... पावडरच ती ... तुझा स्ट्रायकर नेहमी जास्त जायचा. हात हलका ठेव म्हणून किती सांगितलं ... आत्ता किती आहे तिकडं? उणे?" पलीकडून काहीतरी आकडा आला असावा. अप्पा थोडे थांबले. "अशात विमान कसं सुटेल," ते म्हणाले. विचारले नाही, नुसते म्हणाले.

मी मागे पाहिले. हे अजून दारात उभे होते. त्यांनी बातम्यांचे पुन्हा काढले नाही. वळून स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. ह्यांनी केलेला तो चौथा चहा.

नवव्या डावानंतर कोरियाच्या मुलींनी हातमोजे काढून हात पुढे केले. ८-३. या खेळात आता जमणार नाही हे कळले की शेवटपर्यंत रेटत नाहीत, हात मिळवून मोकळे होतात. मी डोळे पुसले. ते लसूणवाल्यांसाठीच पुसले. अप्पांना सामना संपल्याचे कळलेही नव्हते. फोन तापून बंद पडेपर्यंत ते बोलत होते.

त्याच वर्षी डिसेंबरात भावजी आले. माळ्यावरून बोर्ड निघाला, कापड मारून गॅलरीत उन्हात ठेवला; एका कोपऱ्याला वाळवी लागली होती तरी खेळता येत होते. अप्पांचा हात थरथरे, पण राणी त्यांनीच घेतली. भावजींनी येताना सामानातून एक लांब दांड्याचा, पुढे कापडी गादी बसवलेला कर्लिंगचा झाडू आणला होता. विमानतळावर तो काय आहे हे समजावता समजावता त्यांना अर्धा तास लागला म्हणे. ते स्वतः क्लबात जाऊ लागले होते आणि पहिल्याच दिवशी आडवे झाले होते. ती फिल्म अप्पांनी पाच वेळा पाहिली आणि डावा पाय कुठे चुकला ते सांगितले.

झाडू अप्पांच्या दाराआड उभा असे. पुढे २०२२ साली बीजिंगला भारतातून एकटा गेलेला काश्मीरचा आरिफ खान मोठ्या स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला तेव्हा मी पेढे वाटले, आणि पेढे घेताना आमच्या कामवाल्या बाईंना तो झाडू पुन्हा दिसला. आधीही एकदा त्यांनी तो बाहेरच्या खोलीत फिरवून पाहिला होता.

"ठेवलाय कशाला हा, वैनी?" त्या म्हणाल्या. "ह्याने काय केर निघत नाय."